सूज उतरवणारी औषधं जंतूंशी लढू शकतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांधेदुखीच्या, सुजेच्या गोळ्यांनी जिवाणू मरतात अशा बातम्या अधूनमधून येतात आणि त्यावर दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटतात. कुणी म्हणतं अँटिबायोटिकची गरज संपली, तर कुणी सगळं थोतांड ठरवून मोकळं होतं. संशोधन खरं आहे. मात्र बातमीत बहुतेक वेळा एक आकडा गाळलेला असतो, तो म्हणजे रक्तात औषध किती पोचतं. खालची उत्तरं रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि फार्मसी-मायक्रोबायॉलॉजीचे विद्यार्थी अशा तिघांसाठी आहेत. प्रयोगशाळेचे प्रश्न शेवटाकडे आहेत.

जुनं औषध नव्या कामाला लावण्यात फायदा काय?

औषध माणसाला किती सोसतं, यकृतावर काय परिणाम होतो, किती तासांत शरीराबाहेर जातं, हे सगळं आधीच माहीत असतं. नव्या रेणूच्या बाबतीत एवढं कळायलाच बरीच वर्षं आणि प्रचंड पैसा जातो. दुसरीकडे, प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू वाढत आहेत. २०१९ या एका वर्षात जगभरातले सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा जंतूंमुळे झाल्याचा अंदाज आहे. त्यामुळे कपाटातली जुनी औषधं पुन्हा तपासून पाहणं शहाणपणाचंच आहे.

ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. संधिवाताची कित्येक औषधं मुळात जंतूंविरुद्धच पुढे आली होती.

सोन्याचंच बघा. सोन्याचं एक सायनाइड संयुग क्षयाच्या जंतूंची वाढ थांबवतं, हे रॉबर्ट कॉख यांनी १८९० साली सांगितलं. पुढे क्षयरोग्यांना सोन्याची इंजेक्शनं दिली गेली. संधिवातही जंतूंमुळेच होत असावा, अशा समजुतीने फ्रान्समधल्या जाक फोरेस्तिए यांनी १९२९ च्या सुमारास तीच औषधं सांधेदुखीवर वापरली. समजूत चुकीची होती, पण रुग्णांना आराम पडला. तिथून सोनं संधिवाताचं औषध झालं. १९८५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली ऑरानोफिन ही त्याच घराण्यातली, तोंडाने घ्यायची गोळी. आज ती पुन्हा जंतूंविरुद्ध तपासली जाते आहे.

सल्फासॅलाझिनची गोष्टही अशीच. स्वीडनच्या नाना स्वार्ट्‌झ यांनी १९४० च्या सुमारास सल्फा जातीचं जंतुनाशक आणि ॲस्पिरिनच्या जातीचं सॅलिसिलेट हे दाहशामक, म्हणजे सूज उतरवणारं औषध, एका रेणूत जोडून घेतलं. जंतू आणि सूज दोन्ही एका फटक्यात आवरावेत, हा हेतू होता. आता ते संधिवातात आणि आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये वापरलं जातं.

तिसरं उदाहरण सगळ्यांत बोलकं आहे. सॅलिसिलेट दिलं की क्षयाचे जंतू जास्त ऑक्सिजन ओढतात, हे अमेरिकेतल्या फ्रेडरिक बर्नहाइम यांना १९४० साली दिसलं. त्यावरून स्वीडनमधल्या योर्गेन लेहमान यांनी असा तर्क केला की जंतू हा रेणू वापरत असेल, तर याच्यासारखा दिसणारा पण किंचित वेगळा रेणू त्याला अडवेल. त्यातून ॲस्पिरिनचं भावंड शोभेल असं पॅरा-अमिनोसॅलिसिलिक ॲसिड, म्हणजे पॅस, तयार झालं आणि १९४४ साली रुग्णांना दिलं गेलं. स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाच्या जोडीला पॅस दिलं तर जंतू सहजासहजी प्रतिरोधक होत नाहीत, हे पुढे ब्रिटिश चाचण्यांनी दाखवलं. क्षयाला एकाच औषधाने हात लावायचा नाही, हा आजचा नियम तिथून रुजला.

सूज कमी करणारं औषध जंतूला मारतं तरी कसं?

आपल्या शरीरात आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक जे एन्झाइम अडवतं, ते सायक्लोऑक्सिजनेज. रोग करणाऱ्या नेहमीच्या जिवाणूंमध्ये ते नसतंच. म्हणजे परिणाम दिसलाच तर तो दुसऱ्या वाटेने झालेला असतो.

अशा काही वाटा सापडल्या आहेत. जिवाणूचा डीएनए दुप्पट होताना एक कडीसारखं प्रथिन यंत्रणेला धाग्यावर घट्ट धरून ठेवतं. कार्प्रोफेन, ब्रोमफेनॅक आणि व्हेडाप्रोफेन ही तीन औषधं त्या कडीच्या खाचेत बसतात, हे ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँग विद्यापीठाच्या गटाने २०१४ साली दाखवलं. बंध कमकुवत आहे, त्यामुळे याकडे औषध म्हणून नव्हे, तर औषधाचा कच्चा आराखडा म्हणून पाहायला हवं. डायक्लोफेनॅकमुळे जिवाणूंचं डीएनए बनणं मंदावतं, हे कोलकात्यातल्या संशोधकांनी २००० साली मांडलं. सेलेकॉक्सिब जिवाणूच्या औषध बाहेर फेकणाऱ्या पंपाला अडथळा करतं, असं हैदराबाद विद्यापीठातल्या कामातून पुढे आलं. ऑरानोफिनची वाट सगळ्यांत स्पष्ट आहे, तिच्याबद्दल पुढे.

याखेरीज दुसरा, पूर्ण वेगळा रस्ता आहे. त्यात जंतूला हात न लावता, जंतूमुळे पेटलेला दाह आवरून रुग्णाचा अवयव वाचवला जातो. रुग्णालयांत आज प्रत्यक्ष वापरात आहे तो हाच. दोन रस्त्यांची गल्लत झाली की सगळा गोंधळ सुरू होतो.

डायक्लोफेनॅकने जंतू मरतात म्हणता, मग डॉक्टर तेवढंच का देत नाहीत?

आकडे मांडून पाहू. काचेच्या नळीत डायक्लोफेनॅकने जिवाणूंची वाढ थांबायला साधारणपणे मिलिलिटरला ५० ते १०० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त औषध लागतं. ५० मिलिग्रॅमची गोळी घेतल्यावर रक्तातली कमाल पातळी दीड मायक्रोग्रॅमच्या आसपास जाते आणि तीही काही तासांत ओसरते. इथेच तीस पटींहून जास्त फरक पडला.

त्यात आणखी एक भर. रक्तातलं डायक्लोफेनॅक ९९ टक्क्यांहून जास्त अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं. जंतूवर काम करतं ते फक्त सुटं औषध. दीड मायक्रोग्रॅमचा एक टक्का म्हणजे ०.०१५. आता ५० आणि ०.०१५ यांतलं अंतर तीन हजार पटींहून जास्त झालं. जास्त गोळ्या खाऊन ते भरून निघत नाही. त्याआधी जठर रक्ताळतं आणि मूत्रपिंडं बंद पडतात. हे औषध मूत्रपिंडाला किती जड जाऊ शकतं, ते गिधाडांनी जिवानिशी दाखवलं. डायक्लोफेनॅक टोचलेल्या गुरांचं मांस खाऊन ती मेली आणि २००६ साली भारतात गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली.

सेलेकॉक्सिबचंही असंच आहे. ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे बाहेरचं जादा आवरण नसलेल्या, जंतूंना १६ ते १२८ मायक्रोग्रॅम लागतं, आणि २०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलने रक्तात जेमतेम ०.७ मिळतं.

मग रक्तात पुरेसं पोचतं असं एकही औषध नाही?

जवळ जाणारी दोन उदाहरणं आहेत. पहिलं ऑरानोफिन. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसला, म्हणजे एमआरएसएला, ते मिलिलिटरला साधारण ०.०६ ते ०.५ मायक्रोग्रॅम एवढ्यात अडवतं. दिवसाला ६ मिलिग्रॅम या नेहमीच्या डोसवर काही आठवड्यांनी रक्तातलं सोनं याच टप्प्याच्या आसपास असतं. ऑरानोफिन जिवाणूचं थायोरेडॉक्सिन रिडक्टेज निकामी करतं. पेशीतली गंजण्याची प्रक्रिया आवरणारं हे एन्झाइम बंद पडलं की जंतू स्वतःच्याच ऑक्सिडेशनने मरतो.

पण इथेही एक खोच आहे. रक्तात मोजलं जातं ते सोनं, अखंड ऑरानोफिन नव्हे. गोळी पोटात गेल्यावर रेणू लवकरच मोडतो आणि सोनं प्रथिनांच्या गंधकाला चिकटतं. चिकटलेलं सोनं नळीतल्या ताज्या ऑरानोफिनइतकंच मारक असेल असं धरून चालता येत नाही. शिवाय रक्तातलं सोनं निम्मं व्हायलाच सुमारे २६ दिवस लागतात, त्यामुळे दुष्परिणाम झाला तर गोळी थांबवूनही तो लगेच थांबत नाही.

दुसरं उदाहरण आयब्युप्रोफेनचं, सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारातलं. त्यात फुप्फुसात स्यूडोमोनास हा जिवाणू ठाण मांडतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत ८५ रुग्णांना ४ वर्षं किलोला २० ते ३० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असं आयब्युप्रोफेन किंवा औषध नसलेली नुसती गोळी दिली. प्रत्येकाच्या रक्तातली पातळी मोजून ती ५० ते १०० मायक्रोग्रॅमच्या मध्ये राखली. फुप्फुसांची झीज मंदावली. त्या वेळी श्रेय दाह कमी झाल्याला दिलं गेलं. पुढे २०१८ साली असं दिसलं की १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास आयब्युप्रोफेन नळीतल्या स्यूडोमोनासची वाढही रोखतं. घरच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळीला हे लागू नाही. तो डोस, ती देखरेख आणि तो आजार, तिन्ही वेगळे आहेत.

ई. कोलाय, क्लेबसिएला यांच्यावर ही औषधं का चालत नाहीत?

हे ग्रॅम-निगेटिव्ह जंतू. त्यांना बाहेरून आणखी एक आवरण असतं, त्यातून असे तेलकट रेणू शिरत नाहीत. शिरलेच तर पंप त्यांना बाहेर फेकतात. ऑरानोफिनच्या बाबतीत तिसरी अडचण म्हणजे या जंतूंकडे ग्लुटाथायोनची पर्यायी यंत्रणा असते, एक वाट बंद झाली तरी दुसरी चालू राहते. भारतातल्या अतिदक्षता विभागांत सर्वांत जास्त त्रास नेमके हेच जंतू देतात. म्हणून बातमीत ‘सुपरबग’ एवढाच शब्द असेल तर कोणता जंतू, हे आधी शोधावं.

रक्तात पोचत नसेल तर मलम करून लावता येईल?

हा मार्ग आम्हाला सर्वांत आशादायक वाटतो. १ टक्क्याच्या मलमात ग्रॅममागे १० मिलिग्रॅम, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम औषध असतं. रक्तातली अडचण इथे नाहीशी होते. एमआरएसएने चिघळलेल्या उंदरांच्या त्वचेवर सेलेकॉक्सिब लावल्यावर जंतूही घटले आणि जखमेतला दाहही. मात्र जखमेतल्या पुवात आणि पाझरणाऱ्या द्रवात भरपूर प्रथिनं असतात, ती औषध बांधून ठेवतात. म्हणून माणसांवरच्या चाचण्यांखेरीज पुढचं काही सांगता येणार नाही. कॅप्सूल फोडून पूड जखमेवर टाकणं हा याचा घरगुती पर्याय नव्हे.

जंतूला न मारता नुसता दाह आवरून जीव वाचतो, हे पटत नाही.

मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग होतो तेव्हा प्रतिजैविक दिल्यावर जिवाणू एकदम फुटतात. त्यांच्या तुकड्यांनी दाह भडकतो, मेंदूला सूज येते, कानाची नस जाते. म्हणून सूज आधी रोखायची. युरोपातल्या ३०१ प्रौढ रुग्णांच्या २००२ सालच्या चाचणीत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड १० मिलिग्रॅम दर ६ तासांनी ४ दिवस दिलं. पहिला डोस प्रतिजैविकाच्या १५ ते २० मिनिटं आधी किंवा त्याच्याबरोबरच. मृत्यू १५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. न्युमोकॉकस या जंतूच्या रुग्णांत तर ३४ वरून १४ टक्क्यांवर. वेळ चुकली, म्हणजे प्रतिजैविक देऊन बरेच तास झाल्यावर स्टेरॉइड दिलं, तर फायद्याची फारशी आशा उरत नाही, कारण भडका उडून गेलेला असतो.

आणि तरीही हेच औषध आफ्रिकेतल्या मलावीत प्रौढांना दिलं तेव्हा काहीच फायदा दिसला नाही. तिथले सुमारे ९० टक्के रुग्ण एचआयव्हीबाधित होते आणि बहुतेकजण उशिरा आलेले होते. एका देशातला निकाल उचलून दुसरीकडे चिकटवता येत नाही, तो असा.

तीव्र न्युमोनियात अतिदक्षता विभागात दिवसाला २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दिल्यावर २८ दिवसांतले मृत्यू ११.९ वरून ६.२ टक्क्यांवर आल्याचं फ्रान्समधल्या २०२३ च्या चाचणीत दिसलं. त्यात इन्फ्लुएंझाचे रुग्ण वगळले होते. वॉर्डातल्या साध्या न्युमोनियाला हा निकाल लावू नये.

क्षयरोगात याचा उपयोग होतो का?

टीबी मेनिंजायटिसमध्ये नक्की होतो. व्हिएतनाममधल्या ५४५ रुग्णांच्या २००४ सालच्या चाचणीत डेक्सामेथासोनमुळे मृत्यू ४१.३ वरून ३१.८ टक्क्यांवर आले. अपंगत्व मात्र तेवढं घटलं नाही. एचआयव्हीबाधित रुग्णांत हा फायदा सिद्ध झाला नाही, हे २०२३ साली कळलं. या आजारात मेंदूच्या रक्तवाहिन्या सुजून पक्षाघात होतो, म्हणून ॲस्पिरिनही तपासलं गेलं. लखनऊमध्ये रोज १५० मिलिग्रॅम दिल्यावर तीन महिन्यांतले मृत्यू ४३.४ वरून २१.७ टक्क्यांवर आले. पण रुग्ण थोडे होते, म्हणून पुढे मोठ्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या.

फुप्फुसाच्या टीबीत चित्र वेगळं आहे. दक्षिण आफ्रिकेत टीबीच्या नेहमीच्या उपचाराला ऑरानोफिनसह चार वेगवेगळ्या औषधांची जोड देऊन पाहिली. निकाल २०२१ साली आला. थुंकीतले जंतू कुठल्याच जोडीने लवकर गेले नाहीत. दोन औषधांनी फुप्फुसाची क्षमता थोडी जास्त सावरली, पण त्यांत ऑरानोफिन नव्हतं.

घरी टीबीचा रुग्ण असेल तर दोन गोष्टी माहीत असू द्या. उंदरांत ॲस्पिरिनने पायराझिनामाइड या टीबीच्या औषधाचा परिणाम वाढवला, पण आयसोनियाझिड या दुसऱ्या औषधाचा कमी केला. म्हणून ‘चांगलंच आहे’ म्हणून मनाने ॲस्पिरिन सुरू करू नये. आणि टीबीचंच रिफॅम्पिसिन हे औषध यकृताला स्टेरॉइड झपाट्याने जाळायला लावतं. टीबीच्या गोळ्यांबरोबर प्रेडनिसोलोन चालू असेल तर नेहमीचा डोस अपुरा पडू शकतो आणि रिफॅम्पिसिन थांबल्यावर तोच डोस जास्त होऊ शकतो.

कुष्ठरोगाच्या उपचारात स्टेरॉइड का देतात?

कुष्ठरोगात नस खराब होते ती बरेचदा जंतूवरच्या शरीराच्या प्रतिक्रियेमुळे, ज्याला रिॲक्शन म्हणतात. ठरलेली पद्धत अशी की प्रेडनिसोलोन दिवसाला ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून दर दोन आठवड्यांनी ३०, २०, १५, १० आणि ५ असं १२ आठवड्यांत उतरवायचं. बहुविध औषधोपचार चालू असेल तर तो थांबवायचा नाही. रुग्ण घाबरून दोन्ही गोळ्या एकदम सोडतात, तेव्हा हात वाकडा होतो किंवा पाय लुळा पडतो. या उपचारातलं क्लोफाझिमिन हे जंतूही अडवतं आणि दाहही. डब्लिनमध्ये १९५४ साली ते टीबीसाठी बनवलं होतं, कामाला आलं कुष्ठरोगात, आणि आता औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत परत आलं आहे.

लघवीच्या संसर्गात आयब्युप्रोफेनवर भागवलं तर?

तरुण, गरोदर नसलेल्या, ताप किंवा कंबरदुखी नसलेल्या स्त्रियांवर याच्या तीन चांगल्या चाचण्या झाल्या. २०१५ साली जर्मनीत आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, तीन दिवस दिलं. सुमारे दोन-तृतीयांश स्त्रिया प्रतिजैविकाशिवाय बऱ्या झाल्या, पण त्रास जास्त सोसावा लागला. २०१७ साली स्वित्झर्लंडमध्ये तिसऱ्या दिवशी आराम पडलेल्या स्त्रिया डायक्लोफेनॅक गटात ५४ टक्के, प्रतिजैविक गटात ८० टक्के होत्या. २०१८ साली स्कँडिनेव्हियातही प्रतिजैविकच सरस ठरलं. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढण्याचे प्रकार तिन्ही चाचण्या मिळून पेनकिलर घेणाऱ्यांत १८ आणि प्रतिजैविक घेणाऱ्यांत फक्त १.

थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या, गरोदरपण, मधुमेह, मुतखडा, पुरुष रुग्ण, लहान मूल यांपैकी काहीही असेल तर हा प्रयोग करायचाच नाही.

पेनकिलर घेतल्यावर ताप उतरला. म्हणजे संसर्ग बरा झाला ना?

नाही. ताप हा थर्मामीटरवरचा आकडा आहे. आकडा खाली आला तरी जंतू वाढत राहू शकतात आणि रुग्ण डॉक्टरांकडे उशिरा पोचतो. न्युमोनियात आधी पेनकिलर घेत राहिलेल्या रुग्णांत छातीत पू होण्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे. कांजिण्या आलेल्या मुलाला आयब्युप्रोफेन देऊ नये, कारण त्वचेचा खोलवर सडणारा संसर्ग होण्याची भीती असते. फ्रान्सच्या औषध नियामकांनी आयब्युप्रोफेन आणि किटोप्रोफेनबद्दल २०१९ साली असाच इशारा दिला. लहान मुलांना तापात ॲस्पिरिन तर मुळीच नको, त्याने मेंदू आणि यकृताला इजा करणारा रे सिंड्रोम होऊ शकतो.

आपल्याकडे पावसाळ्यात हा मुद्दा जिवाशी येतो. मुंबई-कोकणात पुराच्या पाण्यातून चालल्यावर येणारा ताप लेप्टोस्पायरोसिसचा असू शकतो. तो मूत्रपिंडावरच घाव घालतो आणि त्यावर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन म्हणजे दुहेरी मार. डेंग्यूत याच औषधांनी रक्तस्राव वाढतो. निदान होईपर्यंत तापासाठी पॅरासिटामॉल पुरेसं आहे. डोस मात्र वजनाप्रमाणे आणि मर्यादेतच.

ॲस्पिरिनमुळे जंतू उलट चिवट होतात, हे खरं का?

काही परिस्थितीत, हो. ई. कोलायमध्ये एक दडपून ठेवणारं प्रथिन असतं. सॅलिसिलेट त्याला चिकटलं की दडपण उठतं, पंप वाढतात आणि बाहेरच्या आवरणातली दारं कमी होतात. मग एकाच वेळी कित्येक प्रतिजैविकं निष्प्रभ ठरू लागतात. सॅलिसिलेट काढून घेतलं की हा चिवटपणा जातो, तो कायमचा नसतो. प्रयोगात यासाठी बरंच जास्त सॅलिसिलेट लागतं, पण संधिवातासाठीच्या मोठ्या डोसात रक्तातली पातळी त्याच्या जवळ जाऊ शकते. गंमत अशी की स्टॅफिलोकॉकसमध्ये हेच सॅलिसिलेट विषारी घटकांची निर्मिती कमी करतं. म्हणून ‘दाहशामक औषधं जंतूंवर चालतात’ हे सरसकट विधान निरर्थक आहे. औषध कोणतं आणि जंतू कोणता, ही जोडी सांगितलीच पाहिजे.

प्रतिजैविकाबरोबर पेनकिलर चालू असेल तर काय सांभाळायचं?

ॲमिकासिन, जेंटामायसिन किंवा कोलिस्टिन चालू असताना डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन टाळावं. ही पेनकिलर मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी आकुंचित करतात आणि प्रतिजैविक तिथेच साचतं. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं असेल तर धोका आणखी वाढतो. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जोडीने झटके येऊ शकतात, फिट्सचा इतिहास असलेल्यांनी डॉक्टरांना आधी सांगावं. स्टेरॉइड आणि पेनकिलर एकत्र घेतलं तर जठरातून रक्तस्राव होण्याची शक्यता बरीच वाढते. मेडिकलवरून ‘पॉवरच्या’ गोळ्यांची पुडी आणली असेल तर तिच्यात स्टेरॉइड आहे का, हे विचाराच. कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) पाहिला. त्यात वाढलेली साखर आणि बेहिशेबी स्टेरॉइड यांचा वाटा मोठा होता.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी एमआयसी (जंतूंची वाढ थांबवणारं औषधाचं किमान प्रमाण) काढायची आहे. सुरुवात कशी करावी?

गोळी कुटून घेऊ नका. तिच्यातला स्टार्च, टाल्क आणि रंग द्रव गढूळ करतात आणि गढूळपणा म्हणजे वाढ असं वाचलं जातं. शुद्ध औषध विश्लेषण प्रमाणपत्रासह मिळवा.

ते डीएमएसओ या द्रावकात मिलिलिटरला २५.६ मिलिग्रॅम या प्रमाणात विरघळवा. म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायचा पोषक द्रव), तोही कॅल्शियम-मॅग्नेशियम जुळवलेला, १०० पट पातळ करा. मिलिलिटरला २५६ मायक्रोग्रॅम औषध आणि १ टक्का डीएमएसओ असं द्रावण मिळेल. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये १०० मायक्रोलिटर घेऊन निम्मं-निम्मं करत जा. पातळ करायला साधा ब्रॉथ न घेता १ टक्का डीएमएसओ घातलेला घ्या, म्हणजे सगळ्या खळग्यांत द्रावक सारखा राहतो.

जंतूंचं द्रावण ०.५ मॅकफार्लंड या गढूळपणाच्या मापाला जुळवा, ते मिलिलिटरला साधारण १० कोटी जंतू असतं. १०० पट पातळ केल्यावर १० लाख. त्यातले १०० मायक्रोलिटर औषधाच्या १०० मायक्रोलिटरमध्ये घातले की ५ लाख उरतात, हीच प्रमाणित संख्या. औषधही निम्मं होऊन पहिल्या खळग्यात १२८ मायक्रोग्रॅम आणि ०.५ टक्का डीएमएसओ राहतं. ३५ अंश सेल्सियसला १६ ते २० तास ठेवा. प्रत्येक प्लेटवर औषधाविना वाढीचा, जंतूविना निर्जंतुकतेचा आणि नुसत्या डीएमएसओचा असे तीन नियंत्रण खळगे हवेतच. तुलनेसाठीचे प्रमाणित जंतू, म्हणजे एटीसीसी २९२१३ हा स्टॅफिलोकॉकस आणि २५९२२ हा ई. कोलाय, यांच्यावर एखादं ओळखीचं प्रतिजैविकही लावा. त्याचा आकडा ठरलेल्या मर्यादेत आला नाही तर त्या दिवसाची प्लेट बाद.

बिघडतं ते बहुतेक इथे. सेलेकॉक्सिब ६४ मायक्रोग्रॅमच्या वर साका धरू शकतं आणि तो वाढीसारखा दिसतो, म्हणून जंतूविना औषधाचीही एक रांग लावा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही आम्लं आहेत, जास्त प्रमाणात ब्रॉथचा सामू उतरतो आणि जंतू आम्लामुळे थांबतो. सोडियम क्षार वापरा आणि सामू ७.२ ते ७.४ आहे का ते मोजा. ऑरानोफिनसारखी ऑक्सिडेशनमध्ये ढवळाढवळ करणारी औषधं जिवंत जंतू ओळखण्यासाठीच्या रेझाझुरिन या रंगद्रव्याच्या रंगबदलाला फसवू शकतात, तिथे खळग्यातला द्रव अगारवर पसरून जिवंत जंतू मोजा. अगारमध्ये भोक पाडून मोजलेलं वर्तुळ या तेलकट औषधांसाठी कुचकामी आहे, कारण औषध अगारमध्ये पसरतच नाही.

शेवटी तीच प्लेट ४ टक्के अल्ब्युमिन घालून पुन्हा लावा. बहुतेक प्रकल्पांचा आकडा इथे कोसळतो. तरीही तो अहवालात द्या, परीक्षकाला सर्वांत उपयोगी माहिती तीच असते.

औषध प्रतिजैविकाला मदत करतं का, हे कसं तपासायचं?

चेकरबोर्ड पद्धतीने. प्लेटच्या आडव्या दिशेने एक औषध, उभ्या दिशेने दुसरं. जोडीतली प्रत्येकाची एमआयसी त्याच्या एकट्याच्या एमआयसीने भागून बेरीज करा. उत्तर ०.५ किंवा कमी आलं तर साहचर्य, ४ च्या वर गेलं तर विरोध, मधलं काहीही आलं तरी ‘फरक नाही’. ०.७५ ला ‘थोडं साहचर्य’ म्हणू नका. प्लेटवर एका खळग्याची चूक ही पद्धतीचीच मर्यादा आहे, म्हणून किमान तीनदा करा आणि ठोस दावा करायचा असेल तर २४ तासांचा टाइम-किल प्रयोग (ठरावीक वेळांनी जिवंत जंतू मोजणं) जोडा.

एवढं स्वस्त औषध असताना कंपन्या पुढे का येत नाहीत?

भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) प्रमाणे माहीत असलेल्या पदार्थाचा नवा उपयोग हा शोध धरला जात नाही. रुग्णांच्या दृष्टीने हे कलम मोलाचं आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी की दोन रुपयांच्या गोळीवर कोट्यवधींची चाचणी करून पैसे वसूल होत नाहीत. म्हणून हे काम सरकारी निधी, विद्यापीठं आणि सेवाभावी संस्थांनीच उचलायला हवं, असं आमचं ठाम मत आहे. नियमांची सवलतही नाही. नव्या औषधांच्या आणि चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त औषध नव्या आजारासाठी, नव्या डोसात किंवा नव्या मार्गाने द्यायचं असेल तर ते ‘नवं औषध’ समजलं जातं आणि केंद्रीय नियामकांची परवानगी लागते.

आमच्या रुग्णाला अशा चाचणीत भाग घ्यायचा असेल तर?

भारतातली प्रत्येक चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदणीत असायला हवी, ती संकेतस्थळावर कुणालाही शोधता येते. तिथला नोंदणी क्रमांक आणि नीतिसमितीच्या मान्यतेची तारीख मागा. संमतीपत्र मराठीत मिळणं हा तुमचा हक्क आहे, ते घरी नेऊन वाचा. तीन प्रश्न विचारा. नेहमीचं प्रतिजैविक चालूच राहणार ना? रक्त किती वेळा तपासणार आणि कशासाठी? त्रास झाला तर रात्री फोन कुणाला करायचा? चाचणीतल्या औषधाचे पैसे मागितले, किंवा नेहमीचा उपचार बंद करायला सांगितलं आणि कारण समजावलं नाही, तर सही करू नका.